फरक तेवढा सांगा

उजव्या हाताचा पंजा छातीसमोर उभा धरायचा, जणू भरधाव निघालेली एस. टी. थांबवायची आहे, आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "वकील, फरक तेवढा सांगा!"

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंची ही रीत होती. माझे बोलणे असे मध्येच अडवणारी व्यक्ती त्यापूर्वी माझ्या पाहण्यात आली नव्हती, आणि त्यानंतरही आलेली नाही.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय अर्जलेखनाचा आहे. कचेरीच्या आवाराबाहेर, लिंबाच्या सावलीत माझे टेबल आहे. माझे शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले हे खरे. तथापि भल्याभल्या पदवीधरांनी माझ्यासमोर बसून "आता तुम्हीच काय ते लिहा" असे म्हटलेले आहे. मी वकील नव्हे, हे मी बाईंना त्या राहावयास आल्या त्याच दिवशी स्पष्ट केले होते. त्यांनी ते मनावर घेतले नाही. आणि दुसऱ्यांदा स्पष्ट करण्याची आवश्यकता मला भासली नाही.

आमचे घर कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आहे. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याची काजळी आमच्या गच्चीवर उतरते. त्या गच्चीला लागून एक खोली आहे. ती बाईंनी घेतली. वय चाळिशीच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, अंगात साधा पंजाबी ड्रेस, आणि आवाज असा की पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकू काळजीने विचारावयास आल्या.

"वरच्या बाई सकाळधरनं कुणासंगं भांडाय लागल्यात ओ?"

"भांडत न्हाईत," आमच्या सौभाग्यवतींनी सांगितले, "ऑफिसातल्या लोकास्नी नमस्कार घालत्यात."

ऑफिस बंगळुरात होते आणि बाई आमच्या गच्चीवर होत्या. मला वाटे, एवढ्या आवाजाला मध्ये संगणकाची गरजच काय?

आपणांपैकी अनेकांनी अशा माणसांना दुरून पाहिले असेल. दिवसभर पडद्याकडे पाहत बसतात, आणि नेमके करतात काय, हे विचारण्याचा धीर कोणाला होत नाही. मी विचारले. मनुष्याची हकीकत काढून घेणे हा माझा धंदाच आहे.

"यंत्राला आपली भाषा कळत न्हाय, वकील," बाई म्हणाल्या. आमच्याकडच्या पुष्कळ मुलींप्रमाणे त्याही स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असेच बोलत. "माणूस प्रोग्राम लिवतो. त्येचं यंत्राच्या हुकमात भाषांतर करणारा आणि एक प्रोग्राम असतो, त्येला कंपायलर म्हणत्यात. आमी नवीन चिप काढलीया. तिला शेकड्यानं हुकूम. तिच्यासाठी नवा कंपायलर पायजे."

"आणि तो आपण लिहिता."

"न्हाय की! मी नुस्तं वर्णन लिवतो. ह्यो हुकूम, ह्येचं नाव हे, ह्येला दोन आकडे लागत्यात, एक उत्तर निघतंय. बास. ते वर्णन वाचून कंपायलरचा मजकूर दुसरा एक प्रोग्राम लिवून काढतोय. ओळीवर ओळी, कंटाळा न करता."

"म्हणजे काय करावे, कसे करावे, अशी विनंती आपण कोठेच करीत नाही?"

"काय हाय ते सांगायचं. कसं करायचं ते त्येचं त्यो बघतोय."

व्यावसायिक दृष्टीने मला हे पटले नाही. हकीकत हे अर्जाचे शरीर असेल. परंतु विनंती हा त्याचा प्राण होय. नुसती हकीकत मांडून काम होते, असे कचेरीत मी तरी कधी पाहिलेले नाही. मी हे मत सविस्तर मांडू लागलो, तोच पंजा उभा राहिला.

"फरक तेवढा सांगा, वकील."

या वाक्याचा उगम त्यांनीच मला एकदा समजावून दिला. शेकडो हुकमांचे सगळे वर्णन पुन्हा पुन्हा लिहीत बसले तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून हुकमांची घराणी पाडतात. जे साऱ्या घराण्याचे आहे ते एकदाच लिहायचे. नंतर एकेका हुकमाचे लिहिताना घराण्याचे नाव सांगायचे आणि त्याच्यापुरता जो फरक असेल तेवढाच नोंदवायचा. न सांगितलेले सारे घराण्याकडून आपोआप येते.

ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की माणसांचेही वर्णन त्या तसेच करीत. आमच्या सौभाग्यवतींबद्दल त्या म्हणाल्या, "वैनी. घराणं आमच्या आईचं. फरक, ह्या हसत्यात." सौभाग्यवती चार दिवस खुशीत होत्या. मग त्यांनी नको ते विचारले.

"आणि आमच्या ह्यांचं घराणं कुठलं?"

"रेडिओचं," बाई क्षणाचाही विलंब न लावता म्हणाल्या. "फरक एवढाच, बंद करायचं बटन न्हाय."

त्या दिवशी जेवताना सौभाग्यवतींना ठसका लागला, तो मी पाणी दिले तरी थांबेना.

एकदा चहाला वर बोलावले असता मी त्यांच्या पडद्यावर पाहिले. आपोआप तयार झालेल्या त्या लांबलचक मजकुराच्या माथ्यावर इंग्रजीत एक ओळ होती. तिचा अर्थ बाईंनी सांगितला: हे यंत्राने लिहिलेले आहे, यात हाताने बदल करू नये.

"आणि कोणी केला तर?"

"केला की एकानं! आमच्या ऑफिसातल्या बंगळुरच्या पावण्यानं. चूक वर्णनात हुती, ह्यो बाबा हितं खाली दुरुस्त करून मोकळा झाला. सकाळी यंत्रानं सगळा मजकूर परत नव्यानं काढला. पावण्याची दुरुस्ती गेली वाहून! दिवसभर शोधत हुता बिचारा. म्हणून मी म्हणतो, हितं हात लावायचा न्हाय. चूक झाली तर वर्णनात जावा."

आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की गच्चीच्या कठड्यावरचा कावळा उडाला.

त्या आवाजाचे कारण मला पुष्कळ उशिरा समजले. बाईंचे घर हुपरीचे; मूळचे जैन शेतकरी. वडिलांनी तरुणपणीच शेती भावावर सोपवून घराच्या पुढच्या खोलीत चांदीच्या पैंजणांचे काम सुरू केले. साच्यावर हातोडी मारून मारून त्यांचे कान गेले. आई लवकर वारली. बाई लहानपणापासून वडिलांशी ओरडूनच बोलल्या. हळू बोलणे असते हे त्यांना कोणी शिकवलेच नाही.

"मग आपण हुपरीतच का राहत नाही?" मी विचारले. "आपले काम कोठूनही होते."

त्यांनी या वेळी पंजा उभा केला नाही.

"वकील, घरात आमी दोघंच. आप्पास्नी 'मीठ द्या' म्हटलं तरी गल्लीला कळतंय. मायेनं बोललं तरी भांडण वाटतंय. ओरडून ओरडून खरंच भांडण हुतंय. शनवारी जातो, आयतवारी येतो. तेवढं बरं पडतंय."

आणि मग त्यांनी सांगितले की ती नवी चिप कानाच्या यंत्रासाठीच होती. आप्पांनी पूर्वी आणलेली यंत्रे बिस्किटाच्या डब्यात पडून होती. 'कानात कावळं वरडल्यागत हुतंय' म्हणून त्यांनी ती काढून टाकली होती. या नव्या यंत्राला ते मोठ्या मिनतवारीने तयार झाले होते, आणि तेही एका अटीवर: एकदाच घालून बघणार, जमले नाही तर त्या यंत्राचे नाव परत काढायचे नाही.

"एकदाच म्हणजे एकदाच," बाई म्हणाल्या. "आप्पा शब्दाला पक्कं. तेच तर भ्या वाटतंय."

आप्पा आले ते ऊस कारखान्याला चालला होता त्या दिवसांत, एका दुपारी. पांढरे धोतर, पांढरी टोपी, ताठ कणा, आणि लेकीपेक्षा वरचढ आवाज. "रामराम पावणं!" त्यांनी दारातून असे म्हटले की शेजारच्या काकू पुन्हा बाहेर आल्या. दिवस मावळण्याच्या आत घरी जाऊन जेवायचे, हा त्यांचा नेम त्यांनी आल्याआल्याच सर्वांना ऐकवला.

यंत्र अजून चाचणीतलेच होते. गच्चीवरच्या टेबलावर एक डबी, डबीतून वायर, वायरीच्या टोकाला कानात बसवायची बोंडे. बाईंनी ती आप्पांच्या कानात घातली. मी आणि सौभाग्यवती बाजूला उभे होतो.

"आप्पा, ऐकाय येतंय काय?"

आप्पांनी लेकीकडे निरखून पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी पसरली.

"पोरी," ते म्हणाले, "तू तोतरी कवा झालीस?"

कोणी हसले नाही. आप्पांनी बोंडे काढून टेबलावर ठेवली आणि टोपी नीट केली. "आवाज येतोय. पर समदं दोन दोनदा, आन् मधलं गायब. राहू दे पोरी. माझं काय अडलंय?"

तो सुप्रसिद्ध पंजा वर आला आणि बाईंच्या स्वतःच्याच कपाळावर बसला.

"वकील, माझीच चूक!" त्या संगणकाकडे धावत म्हणाल्या. "माइककडनं आवाजाचा पुढचा तुकडा आणायचा एक हुकूम हाय. त्येच्या घराण्यात मी लिवलंय, दोनदा विचारलं तरी उत्तर तेच. बाकीच्यांचं ते खरं हाय. दोन आन् दोन कवाबी चारच. पर ह्येचं उत्तर दर वेळी नवं असतंय. त्यो फरक मी सांगितलाच न्हाय! मग कंपायलर म्हणतोय, आत्ताच तर ऐकलंय, परत कशाला ऐकू? आन् तोच तुकडा परत देतोय!"

साऱ्या जगाला फरक सांगावयास लावणाऱ्या बाई एक फरक सांगावयाचा विसरल्या होत्या.

त्यांनी बंगळुराला फोन लावला. पलीकडे तेच पूर्वीचे पाहुणे होते. त्यांचा सल्ला मलाही ऐकू आला: तयार मजकुरात एका ठिकाणची खूण हाताने बदला, थोड्या वेळात यंत्र नीट चालेल. वर्णन बदलले तर सगळाच मजकूर नव्याने निघेल, सगळा कंपायलर नव्याने बांधावा लागेल, दुपार जाईल.

आप्पा एव्हाना खाली उतरून चपला घालीत होते. मी म्हणालो, "बाई, आजच्यापुरते हाताने करून टाका. उद्या सावकाश वर्णन दुरुस्त करा."

त्यांचा हात कळफलकावर थांबलेला मी पाहिला. एकदाच घालीन म्हणणारा बाप जिन्याच्या तळाशी होता, आणि त्याला परत वर आणण्याचा सोपा रस्ता पडद्यावर उघडा होता.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्ये यंत्र सकाळी चाचणीला परत भरलं जाणार, नव्या मजकुरानं. आज आप्पा ऐकतील, उद्या मी परत तोतरी. मग ते कवाच घालणार न्हाईत. आन् हे काय एकट्या आप्पांच्या कानात जाणार हाय व्हय? हितं हात लावायचा न्हाय. वकील, तुमी फकस्त आप्पास्नी थांबवून धरा."

अशा प्रसंगी मनुष्याची खरी पात्रता कळते. मी खाली गेलो, आप्पांच्या समोर खुर्ची ओढली, कागद घेतला, आणि ठळक अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे धरले: 'आपली काही तक्रार आहे काय? अर्ज लिहून देतो.'

आप्पांनी ते वाचले. चपला काढल्या.

"हाय की!" ते गरजले. "हाय म्हंजे काय, कवाधरनं हाय!"

तक्रार त्यांच्या वाटेवरच्या एस. टी. थांब्याबद्दल होती. शेडचे तोंड मावळतीला केलेले होते. बाकावर बसले की संध्याकाळचे ऊन सरळ डोळ्यांत जाते. शेडचे छप्पर पुढे वाढवा, हे त्यांचे मागणे. ते त्यांनी इतक्या विस्ताराने सांगितले की रेडिओचे घराणे माझे एकट्याचे नाही, याचा मला दिलासा मिळाला. सौभाग्यवतींनी दोडक्याची भाजी चिरावयास घेतली आणि ताट दाखवून खुणेने सांगितले, दिवस मावळायच्या आत जेवण इथेच. आप्पांनी मान डोलावली.

माझा एक नेम आहे. पक्षकाराने हकीकत सांगितली की मी ती लगेच लिहीत नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगावयास लावतो. लोक वैतागतात. परंतु दुसऱ्या वेळी तीच हकीकत तीच राहत नाही, हा माझा अनुभव आहे. मी लिहून दाखवले: 'पुन्हा सांगा.' आणि त्याखाली: 'उन्हाकडे पाठ करून का बसत नाही?'

"पाठ करून?" आप्पा म्हणाले. "पाठ केली तर गाडी कशी दिसंल? कोल्हापूरची गाडी मावळतीकडनंच येती. दुसऱ्यास्नी हॉर्न ऐकू येतोय, मला कुठला? दर शनवारी पोरगी येती. पायरीवरनं उतरायच्या आत मी पुढं असाय पायजे, पिशव्या जड असत्यात तिच्या. म्हणून उन्हात बघत बसतो. डोळं पाण्यानं भरत्यात, मग पोरगी म्हणती, आप्पा रडताय कशाला? आता हिला काय सांगू? ओरडून सांगाय जावं, तर थांब्यावर माणसं असत्यात."

आप्पांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. तो वरपर्यंत जात होता. मी मान वर केली तेव्हा बाई जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या होत्या. तशाच मागे वळून वर गेल्या. त्यानंतर वरून एकही शब्द आला नाही, फक्त कळफलकाची टकटक.

अर्ज उत्तम उतरला. हकीकत भरपूर होती, आणि विनंती, मला मान्य केले पाहिजे, फारच थोडी लागली.

भाकरी तव्यावर असतानाच वरून हाक आली. आप्पा यावयास राजी नव्हते. एकदा घालून झाले होते, आणि शब्द म्हणजे शब्द. मी कागदावर लिहिले: 'मीही प्रत्येकाला दोनदा सांगावयास लावतो. आपणही आत्ता दोनदा सांगितलेत. आता यंत्रालाही दुसऱ्यांदा सांगू द्या.' त्यांनी ते वाचले, माझ्याकडे रोखून पाहिले, आणि "लई बेरकी हाय हो पावणं तुमी," असे म्हणून जिना चढले.

बाईंनी बोंडे कानात घातली. मग नेहमीप्रमाणे, जन्मभराच्या सवयीप्रमाणे, त्या पूर्ण ताकदीने ओरडल्या, "आप्पा! ऐकाय येतंय काय?"

आप्पा दचकून मागे सरले.

"वरडतीस कशाला?" ते म्हणाले. "मी काय भैरा हाय?"

तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवीत गेला, आणि आप्पा कठड्याकडे वळून म्हणाले, "आन् ह्यो कोण बोंबलतोय?" सौभाग्यवती तोंडावर पदर घेऊन हसत होत्या की रडत होत्या, ते मला सांगता येणार नाही. बाई खाली बसल्या, आप्पांच्या खुर्चीजवळ फरशीवर, आणि ज्या आवाजात त्या बोलू शकतात अशी मला कल्पनाही नव्हती, अशा अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या,

"आप्पा."

"हं," आप्पा तितक्याच हळू म्हणाले. "आता बराबर."

उन्हे अजून गच्चीवर होती. आप्पा आमच्याकडे पोटभर जेवले आणि निघताना अर्जाची घडी त्यांनी मला परत दिली. "ऱ्हाऊ दे पावणं. आता हॉर्न ऐकाय येणार म्हंजे मी पाठ करून बसतो." इतका बांधेसूद अर्ज माझ्या हातून क्वचितच झाला असेल, दाखल मात्र तो कधीच झाला नाही.

पुढे काही महिन्यांनी ते यंत्र लहान होऊन आप्पांच्या कानामागे बसले. त्यानंतर बाई शनिवारी जात त्या सोमवारी येऊ लागल्या, मग मंगळवारी. आणि एके दिवशी टेम्पो आणून सगळेच सामान घेऊन हुपरीला गेल्या. निघताना सौभाग्यवतींना म्हणाल्या, "वैनी, घरात आता मीठ मागितलं तर मीठच मिळतंय. भांडण न्हाय." मी निरोपाचे चार शब्द तयार ठेवले होते. पंजा उभा राहिला. पण या वेळी डावा हात त्याला जोडून त्यांनी मला नमस्कार केला.

त्यांचा फोन अधूनमधून येतो. आवाज इतका हळू झाला आहे की मलाच सांगावे लागते, "बाई, जरा मोठ्याने." परवा आला तेव्हा मी बावड्याचे सगळे वर्तमान सांगावयास सुरुवात केली. काजळी पडू लागली आहे, काकूंच्या घरी नवीन गाडी आली आहे, कचेरीसमोरच्या लिंबाची फांदी तोडली आहे.

"वकील," त्या हळूच म्हणाल्या, "फरक तेवढा सांगा की."

मी जरा विचार केला.

"फरक एवढाच," मी म्हणालो, "की वरून आवाज येत नाही."

बाई हसल्या. ते हसणे मात्र जुन्याच आवाजात होते. मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी विचारले, "आल्या काय ओ, बाई?"